उघडलंच आहे तर

आमच्या गॅरेजच्या फरशीवर ऑइलचा एक डाग आहे. व्यास अकरा सेंटीमीटर. मध्य काळा, कडा फिकट, आणि दाराच्या बाजूला बोटभर ओघळ, कारण फरशीला तिकडे थोडा उतार आहे. सहा वर्षांपूर्वी सासूबाईंची गाडी आत आली, त्यानंतरच्या रविवारी मी तो पहिल्यांदा मोजला. परवा पुन्हा मोजला. अकराच. ज्या इंजिनातून ऑइल ठिबकत होतं ते इंजिनच गाडीतून काढून ठेवल्यामुळे डाग वाढलेला नाही. एका अर्थी दुरुस्ती यशस्वी झाली आहे.

सासूबाई गुरांच्या डॉक्टर. एकतीस वर्षं त्या ही गाडी घेऊन गोठे पालथे घालत होत्या. मागच्या सीटवर एका कालवडीच्या खुरांनी पडलेली दोन भोकं आहेत, त्यांना त्या 'पेशंटची सही' म्हणतात. निवृत्त झाल्यावर एकदा गाडीखाली ऑइल दिसलं, तेव्हा त्या मुलाला, म्हणजे माझ्या नवऱ्याला म्हणाल्या, "बघ रे जरा. एखादं सील गेलं असेल."

सीलच गेलं होतं. सील म्हणजे तळहाताएवढी रबराची कडी. नवऱ्याने ती दुसऱ्याच दिवशी आणली आणि पाकीट गॅरेजच्या दाराजवळच्या खिळ्याला अडकवलं. पण ती कडी बसते इंजिनाच्या मागच्या टोकाला, आणि तिथे हात पोचायचा तर गिअरबॉक्स काढावा लागतो. गिअरबॉक्स निघाला. मग नवरा म्हणाला, "आता उघडलंच आहे तर इंजिनही बाहेर काढून साफ करू."

आमच्या घरात हे वाक्य नवीन नाही. नळाचा वॉशर बदलताना "उघडलंच आहे तर" असं म्हणून त्याने न्हाणीघराची एक भिंत पाडली होती. पण भिंतीला शेवट असतो. गाडीला नसतो.

इंजिन बाहेर आलं. ते बावन्न अश्वशक्तीचं होतं. आता उघडलंच आहे तर तेच परत कशाला टाकायचं, असा विचार पुढे आला आणि एका अपघात झालेल्या नव्या गाडीचं टर्बोवालं इंजिन घरी आलं. टर्बो म्हणजे शंखाच्या आकाराचं एक लोखंडी घर. त्यात इंजिनाच्या धुराच्या जोरावर पंखा फिरतो आणि इंजिनात जास्तीची हवा कोंबतो. अश्वशक्ती एकशे ऐंशी.

"एकशे ऐंशी घोडे," सासूबाई म्हणाल्या. "लीद कोण काढणार?"

जुना गिअरबॉक्स इतक्या घोड्यांखाली तुटला असता, म्हणून नवा आला. त्याला चाकांशी जोडणारा दांडा लांब पडला, म्हणून तो कापला. वेग वाढणार म्हणून ब्रेक मोठे आले, ब्रेकवर जुनी चाकं बसेनात म्हणून चाकं मोठी आली, आणि चाकं मडगार्डला घासायला लागली म्हणून मडगार्ड ठोकून रुंद केले. प्रत्येक पायरी तर्काला धरून होती. एखाद्या सिद्धतेसारखी. फक्त सिद्ध काय करायचं होतं ते मागे राहिलं.

नवरा पंपांच्या कारखान्यात डिझाइनचं काम करतो. तिथे तो एक वॉशर बदलायचा तर तीन माणसांची मंजुरी घेतो. घरी त्याच्या मंजुरीला दोन माणसं होती.

एक वेल्डर. त्याच्या हातचा जोड बघत बसावा असा, माश्याच्या खवल्यांसारखा एकसारखा. फक्त त्याला 'नाही' हा शब्द येत नाही. काहीही विचारा, तो म्हणतो, "होऊन जाईल."

दुसरे शेजारचे प्राध्यापक. त्यांनी आयुष्यात कुणाला शिकवलेलं नाही. ते विमा कंपनीत होते. पण मोटारींचे व्हिडिओ बघून ते इतक्या सुंदर समजावतात की हे नाव आपोआप पडलं. त्यांची स्वतःची गाडी सर्व्हिसिंगला जाते.

दर रविवारी सकाळी तिघं गॅरेजमध्ये जमत. चहाच्या तीन फेऱ्या होत. पहिल्या फेरीत गेल्या रविवारी काय ठरलं ते आठवत, दुसरीत ते कसं चुकलं ते बघत, तिसरीत पुढच्या रविवारी काय ठरवायचं ते ठरवत.

इंजिन बसेल का हे बघायला त्यांनी आधी फ्रिजच्या खोक्याचं, पुठ्ठ्याचं इंजिन केलं होतं. कल्पना चांगली होती, मला अजूनही आवडते. त्यासाठी नव्या इंजिनाची मापं घेताना मी चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होते. वेल्डरकडच्या टेपचं टोक तुटलेलं, पहिला सेंटीमीटरच गायब. म्हणजे टेपवर जो आकडा दिसेल त्यातून एक वजा करायचा. वेल्डरला ते ठाऊक होतं. त्याने त्रेसष्ट बघितलं, मनात एक वजा केला आणि सांगितलं, "बासष्ट." प्राध्यापकांनाही टेप तुटलेली आहे हे ठाऊक होतं. त्यांनी बासष्ट ऐकलं, मनात एक वजा केला आणि लिहिलं, एकसष्ट. दोघं हुशार, म्हणून चूक झाली. एक जण जरी ढ असता तरी माप बरोबर आलं असतं.

मी म्हणाले, "ते दोनदा वजा झालं का?"

"वहिनी," प्राध्यापक समजुतीने म्हणाले, "या टेपचा पहिला सेंटीमीटर तुटलेला आहे. त्यामुळे वजा करावं लागतं."

वेल्डरने जवळ येऊन मला तुटलेलं टोक दाखवलं. टेप कशी धरतात तेही दाखवलं.

मी वजनमापांच्या प्रयोगशाळेत नोकरी करते. दुसऱ्यांच्या मोजपट्ट्या खऱ्या आहेत की नाहीत हे तपासणं, एवढंच माझं काम, एकोणीस वर्षं. मी ट्रे खाली ठेवला आणि आत गेले. रात्री जेवताना नवऱ्याला एकदा सांगितलं. तो म्हणाला, "अगं, दोन अनुभवी माणसांनी घेतलंय ते माप. कागदावर दोघांच्या सह्या आहेत." त्या कागदाप्रमाणे टर्बो आणि स्टिअरिंगचा दांडा यांच्यात आठ मिलिमीटर फट राहणार होती. एक सेंटीमीटरची चूक धरली तर फट उणे दोन. म्हणजे फट नाहीच.

माझं बरोबर होतं. आणि बरोबर असलं की पुरे, असा माझा समज होता. पुढे त्या कागदावरून ब्रॅकेट झाले, पाइप वाकवले गेले, वर्षं गेली, आणि दर वर्षी ती गोष्ट पुन्हा काढणं आदल्या वर्षीपेक्षा अवघड होत गेलं. मग मी डाग मोजत राहिले.

सासूबाईंचीही गॅरेजमध्ये एक फेरी असे, शनिवारी दुपारी, नवरा कारखान्यात असताना. त्यांचं जुनं इंजिन कोपऱ्यात स्टँडवर, त्यांच्याच जुन्या ॲप्रनखाली झाकून ठेवलेलं होतं. त्या ॲप्रन बाजूला करत, वरून चार थेंब ऑइल सोडत आणि पुढच्या नटाला मोठा पाना लावून इंजिन अर्धा फेरा फिरवत.

"कूस बदलायची त्याची," त्या मला म्हणाल्या होत्या. "बसून राहिलेल्या जनावराला वळवलं नाही तर फोड येतात, आणि मग ते उठत नाही."

त्यांच्या धंद्यातला एक नियम त्या मला अनेकदा सांगत. जे जनावर आपल्या पायांनी चालत आलंय, त्याला आडवं पाडायचं नाही. उभ्या उभ्या काय होईल ते करायचं. "माझी गाडी चालत आली होती," त्या म्हणत. मुलासमोर मात्र हे कधी बोलल्या नाहीत. मी कारण विचारलं तर म्हणाल्या, "आठवडाभर तोंड पाडून असतो. रविवारी सकाळी शीळ घालतो. ती शीळ कोण बंद करणार? तू कर."

मी केली नाही.

या वर्षी मात्र एक तारीख मधे आली. सासूबाईंचं लायसन्स त्यांच्या वाढदिवसापर्यंत आहे. त्यापुढे डोळ्यांच्या डॉक्टरची सही लागते, आणि डॉक्टरने सांगून टाकलंय की गेल्या वेळी केली ती शेवटची. त्याचंही चुकत नाही. त्या आता पुडीवरची अक्षरं हात लांब करून वाचतात. त्यांचं म्हणणं एवढंच होतं की त्याआधी एकदा, भर उजेडात, आपली गाडी घेऊन खाणीच्या रस्त्याने दूधडेअरीपर्यंत जायचं आणि परत यायचं. नवऱ्याने त्यांना आपली गाडी देऊ केली होती. "तिला क्लच नाही," त्या म्हणाल्या. "डावा पाय पाहुण्यासारखा बसून राहतो."

वाढदिवसाला पाच आठवडे राहिले असताना नवऱ्याने जाहीर केलं, "आई, या रविवारी टर्बो चढतोय. गाडीत बसून बघ."

रविवारी सासूबाई खाली आल्या त्या गाडी चालवायचे जुने बूट घालून. पर्समध्ये लायसन्स. मी पाहिलं, त्यांनी ते दोनदा उघडून तारीख वाचली. हात लांब न करता. पाठ होती.

टर्बो चढायला सकाळ गेली. शेवटी तो सरळ जाईना तेव्हा वेल्डरने पहार घालून त्याची समजूत काढली. मग बोल्ट आवळले, हात पुसले, आणि तिघंही दोन पावलं मागे सरून बघत राहिले. इंजिन झळकत होतं. वायरी लावायच्या बाकी होत्या, त्यामुळे ते सुरू होणार नव्हतं, पण ती बारीकसारीक गोष्ट होती.

"या मावशी," वेल्डरने दार उघडलं. "मालकीणबाईंच्या हातून होऊन जाऊ दे."

सासूबाई बसल्या. सीट पुढे घेतली, आरसा बोटाने सारखा केला, क्लच दाबून बघितला. चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाही, पण क्लच तीनदा दाबला. मग स्टिअरिंग डावीकडे फिरवलं. पाव चक्र फिरलं आणि आतून आवाज आला, टक. उजवीकडे फिरवलं. पाव चक्र. टक.

"अडतंय," त्या म्हणाल्या.

"जुन्या गाड्यांना जरा जोर लागतो, काकू," प्राध्यापक म्हणाले.

"आडव्या वासराचे पाय ओढून बाहेर काढलेत मी. जोराचं मला नका सांगू. अडतंय ते."

वेल्डर गाडीखाली गेला. खालून थोडा वेळ नुसते त्याचे बूट बोलत होते, एकमेकांवर आपटत. मग आवाज आला. "शेठ, स्टिअरिंगच्या दांड्याचा सांधा टर्बोला टेकतोय."

"किती?" नवऱ्याने विचारलं.

"थोडासा."

"थोडासा म्हणजे किती?"

"म्हणजे थोडासा. आता तो टेकलेलाच आहे तर मोजू कसा?"

"दोन मिलिमीटर," मी म्हणाले.

तिघांनी माझ्याकडे बघितलं, वेल्डरने गाडीखालून डोकं बाहेर काढून. माझ्या हातात ट्रे होता. मी तो बाकावर ठेवला, कारण ट्रे हातात असताना मी सांगितलेलं एकदा वाया गेलं होतं. मग त्रेसष्टचे बासष्ट कसे झाले आणि बासष्टचे एकसष्ट कसे, ते सांगितलं. पाच वाक्यं लागली. भिंतीवर तो कागद अजून चिकटवलेला होता, दोन सह्यांसकट.

प्राध्यापकांनी कागदाजवळ जाऊन चष्मा वर केला. "म्हणजे तुम्ही वजा करून सांगत होतात?" त्यांनी वेल्डरला विचारलं.

"मग? तुटकी टेप कोणाची होती? माझी. मलाच कळणार ना."

"पण मलाही कळलं होतं."

"तेच तर वाईट झालं," सासूबाई गाडीतून म्हणाल्या.

नवरा माझ्याकडे बघत होता. "तू बोलली होतीस."

"हो. एकदा."

"एकदाच का?"

याचं खरं उत्तर मला शोभणारं नव्हतं. "पाच वेळा बोलायला हवं होतं," मी म्हणाले. "चुकलं माझं."

पुढचा अर्धा तास उपाय निघाले. टर्बोचं घर घासून पातळ करायचं. वेल्डर म्हणाला, होऊन जाईल, फक्त नंतर धूर तिथून फुटेल. मग दांडा घासायचा. तेही होऊन जाईल.

"आणि मग?" सासूबाईंनी विचारलं.

"मग दांडा तुटेल, मावशी. पण लगेच नाही."

"सरळ रस्त्यावर बघायला गेलं तर," प्राध्यापक म्हणाले, "पाव चक्र पुष्कळ झालं. शर्यतीच्या कितीतरी गाड्या नुसत्या सरळ धावतात."

"डेअरीच्या रस्त्याला चौदा वळणं आहेत. मी मोजलीत. एकावर गाढव उभं असतं."

"गाढव बाजूला होईल."

"एकशे ऐंशी घोडे बघून? ते जागचं हलणार नाही. गाढव मूर्ख नसतं, तो गैरसमज आहे."

कुणी हसलं नाही. नवरा तर नाहीच. तो इंजिनाच्या डाव्या बाजूला वाकून बघत होता, आणि त्याचं वाकणं मी ओळखत होते. डाव्या बाजूला मोकळी जागा होती. प्राध्यापकांनाही ती एकदमच दिसली.

"आता उघडलंच आहे तर," ते हळू म्हणाले, "स्टिअरिंगच डाव्या बाजूला घेऊ या. डॅशबोर्ड उलटा करायचा, पेडल सरकवायची. मी एक व्हिडिओ पाहिलाय, एकवीस भागांचा."

"होऊन जाईल," वेल्डर म्हणाला.

"किती दिवसांत?" मी विचारलं.

"रविवार-रविवार धरून? दोन वर्षं समजा वहिनी."

नवऱ्याने कानावरची पेन्सिल काढली.

सासूबाईंनी ते बघितलं. त्या उतरल्या. पर्स उघडली, पण लायसन्स काढलं नाही, नुसता हात आत घालून चाचपलं आणि पर्स मिटली. मग कोपऱ्यात गेल्या, ॲप्रन बाजूला केला, चार थेंब ऑइल सोडलं आणि मोठा पाना नटाला लावला. तो रविवार होता; त्यांचा वार शनिवारचा. कदाचित हातांना काहीतरी करायचं असेल. इंजिन अर्धा फेरा फिरलं. आतून श्वास सोडल्यासारखा आवाज आला, ओलसर, स्वच्छ.

नवऱ्याची पेन्सिल थांबली. "ते फिरतंय?"

"न फिरायला काय झालं?"

"मला वाटलं जाम झालं असेल. सहा वर्षं झाली."

"दर शनिवारी कूस बदलते मी त्याची. तुझ्या कारखान्याच्या वेळेत."

"मला नाही सांगितलंस."

"तू खूश होतास रे," सासूबाई म्हणाल्या, आणि पाना फडक्याने पुसायला लागल्या. तो आधीच स्वच्छ होता.

वेल्डर पुढे गेला. त्याने पाना त्यांच्या हातातून घेतला, फेरा दिला, मध्येच थांबून पुन्हा दिला. कान इंजिनाजवळ नेला. माणूस कामाचा आहे. अशा वेळी त्याचा चेहरा बदलतो. "दाब आहे आत," तो म्हणाला. "जिवंत आहे हो हे."

"हे परत बसवायला किती दिवस?" मी विचारलं.

तो 'होऊन जाईल' म्हणाला नाही. बोटांवर मोजायला लागला. "जुना गिअरबॉक्स बाकाखाली आहे. कापलेला दांडा जोडून देतो, तो माझ्याकडे लागला. हे इंजिन धरणारे गाडीतले मूळचे ब्रॅकेट..." त्याने नवऱ्याकडे बघितलं. "ते मी कापणार होतो. यांनी कापू दिले नाहीत. दुमडून ठेवा म्हणाले."

हे मला माहीत नव्हतं. सासूबाईंनाही नसावं. सहा वर्षांपूर्वीच त्याने परतीचा रस्ता राखून ठेवला होता आणि स्वतःलाही सांगितलं नव्हतं. नवरा मान खाली घालून पेन्सिलीचं टोक बघत होता.

"तीन रविवार," वेल्डर म्हणाला. "फार तर चार. नवं ऑइल सील लागेल."

नवरा दाराजवळ गेला आणि खिळ्यावरचं पाकीट काढलं. बोटाने दाबून बघितलं. "सहा वर्षांचं रबर. कडक झालं असेल."

"दोन वर्षांत होतं," मी म्हणाले. "मी बदलते. हे तिसरं आहे."

त्याने पाकीट उलटं करून मागची तारीख वाचली. मग ते हातात धरून उभा राहिला, एकदा त्या झळकत्या टर्बोकडे आणि एकदा फरशीवरच्या डागाकडे बघत. डागावर त्याचा पाय होता. त्याने तो बाजूला घेतला.

"पण मग एकशे ऐंशी अश्वशक्ती..." प्राध्यापक म्हणाले. त्यांचा आवाज खरोखर दुःखी होता.

"सोडा त्यांना चरायला," सासूबाई म्हणाल्या.

नवऱ्याने पेन्सिल खिशात टाकली, सीलचं पाकीट दातांनी फाडलं, आणि कडी वेल्डरच्या हातात दिली.

"टर्बो उतरवा," तो म्हणाला. "आईचं इंजिन परत बसवायचंय."